पर्समधलं एक

कुटाइसीच्या पुढे, नदीच्या वळणावर आमचा बाटल्यांचा कारखाना.
पट्ट्यावरून रिकाम्या बाटल्या येतात, मागे पांढरा दिवा.
तडा, केस, साबणाचा फेस: काही दिसलं की बाजूला काढायची.
फोरमन म्हणतो, तेओना, तुझी नजर पक्की आहे.
नजर कसली. भीती पक्की आहे.
सोळाव्या वर्षापासून कुठल्याही गोष्टीत
काय नाही, तेच मला आधी दिसतं.

तिबिलिसीच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं
आणि आईला सांगितलं, मला नाही:
इथे असायला हवं होतं.
मागे सहा विद्यार्थी उभे होते. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती.
तेवढीच नीट आठवते.
परतताना बसमध्ये आई म्हणाली, मावशीला सांगू नकोस.
मग रिकोतीच्या बोगद्यात, अंधार झाल्यावर,
कुणालाच सांगू नकोस.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये एक पॅड असतं.
शाळेत महिन्याचे चार दिवस पोट धरून बसायचे,
वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहायचे.
एकदा खोटी तारीखच उलटून गेली
आणि मी खरोखर घाबरले.
आता कारखान्यात कुणाची अचानक आली की
बाया सरळ माझ्याकडे येतात.
तेओनाकडे असतंच.

रात्री गॅस बंद आहे ना, तीनदा.
दाराची कडी, दोनदा.
मालखाझचा निरोप, ‘बोलायचंय’, किती वेळा ते मोजत नाही.
काय बोलायचं असेल?
त्याच्या आईने पाळण्याचं लाकूड जपून ठेवलंय, हे तो हसत सांगतो.
त्याच्या हसण्यापर्यंत मी ठीक असते.
मग कूस बदलते.
पहाटेपर्यंत बदलत राहते.
बदलण्यापुरती का होईना, आहे.

बातुमीची एतेरी त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती.
ती म्हणते, माझ्या छातीत एक जुना फ्रिज आहे,
मध्येच घरघरायला लागतो.
थांबला की कळतं, इतका वेळ चालू होता.

रविवारी चुलतभावाकडे बाप्तिस्म्याची मेजवानी.
तामादाने शिंग उचललं:
ज्या आया आहेत त्यांच्यासाठी,
आणि ज्या होणार आहेत
इथे त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग मावशीने, मग सगळ्या टेबलाने, पेले वर धरून.
पोटात गोळा आला.
बोलायची पद्धत. त्याला जागा कुठली ते त्यालाच ठाऊक.
मी प्यायले. हात धुवायला म्हणून उठले.

न्हाणीच्या दारात नुत्सा, भावाची मोठी, बारा वर्षांची,
फ्रॉकचा मागचा घेर मुठीत धरून.
आई पाहुण्यांत आहे, म्हणाली. तुझ्याकडे असतं ना?
असतं.
दार लावून घेतलं. कागद कसा सोलायचा, कुठली बाजू खाली,
मी इतक्या सफाईने दाखवलं
की मलाच माझी गंमत वाटली.
तिचे गुडघे थरथरत होते. माझेही.

तुझी किती दिवस असते?
चार, असं तोंडावर आलं होतं. एवढ्या वर्षांची सवय.
म्हणाले, मला येत नाही.
कधीच?
कधीच. जन्मापासून.
ती विचारात पडली, एक मोजा वर ओढत.
मग हे कुणासाठी ठेवतेस?

बाहेर कुणीतरी गाणं धरलं होतं, दुसरा सूर उशिरा मिसळला.
मला उत्तर सुचेना.
तिने वाट पाहिली नाही, कडी काढली,
आणि टेबलापाशी माझ्या शेजारची खुर्ची ओढून बसली.
कुणी न सांगता माझ्या पेल्यात हिरवं तारखुना ओतलं,
काठोकाठ, थोडं सांडलंसुद्धा.

फ्रिज अजून घरघरत होता.
खिशात फोन. मालखाझला उत्तर द्यायचं राहिलंय.
पर्समध्ये हात घातला, सवयीने चाचपलं:
जागा मोकळी.
उद्या नवं घ्यायला हवं.